बारदान वजा जाता

आमच्या मलकापुरात कोणी 'वजन किती?' असे विचारले, तर ते माणसाचे किंवा लाडवाचे असेल अशी शंका कोणाला येत नाही. दसरा उलटला की कापसाच्या गाड्या रस्त्याला लागतात, आणि मग पुढले चार-पाच महिने गावाच्या तोंडी तीनच प्रश्न: भाव काय, ओलावा किती, वजन किती. हवेत सरकीचा वास असतो, कुंपणाच्या काट्यांना, विजेच्या तारांना, म्हशींच्या शिंगांनासुद्धा कापसाचे पांढरे पुंजके लटकलेले असतात. परगावच्या पाहुण्यांना ते सुंदर वाटते. काट्यावरच्या माणसाला त्यात फक्त घट दिसते.

मी या गावातल्या एका जिनिंगमध्ये ३६ वर्षे काट्यावर काढली. १९७४ साली लागलो, तेव्हा राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. पुढे योजना गेली, बैलगाड्या जाऊन ट्रॅक्टर आले, ती जिनिंगही आता उरलेली नाही. पण इतकी वर्षे काट्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यातला काटा काही निघत नाही. एक क्विंटल कापूस आत गेला की साधारण ३४ किलो रुई आणि ६४-६५ किलो सरकी बाहेर येते. या दोहोंची बेरीज शंभर होत नाही. जो किलो-दीड किलो कमी पडतो त्याला 'घट' म्हणतात. घट वहीत लिहावी लागते आणि घटीला कारण द्यावे लागते. आमच्या मुनीमजींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवले होते की, घटीची कारणे तीनच: माल वाळतो, माल सांडतो, नाहीतर माल कोणीतरी नेतो. चौथे कारण सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजावा आणि वही पुन्हा तपासावी.

निवृत्त झाल्यावर हे ज्ञान मी इतर ज्ञानाबरोबर माळ्यावर टाकले होते. ते खाली काढावे लागले ते एका गिनिपिगापायी.

गिनिपिग हे नाव ज्याने ठेवले त्याने प्राणी बहुधा न पाहताच ठेवले असावे. हा आफ्रिकेतल्या गिनीचा नाही आणि डुक्कर तर मुळीच नव्हे. तो आहे कुरतडणाऱ्यांच्या कुळातला. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. पेरू देशात त्याला हजारो वर्षांपासून पाळतात आणि (हे माझ्या नातीला कळू देऊ नका) खातातही. शेपूट नाही, मान जवळजवळ नाही, पाय आहेत पण ते बाजूने पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. एकंदरीत लोडाला डोळे फुटावेत तसा आकार. आमच्याकडच्या स्वारीच्या अंगावर पिवळा, पांढरा आणि काळा असे तीन रंग एकमेकांत सांडलेले आहेत, म्हणून नातीने त्याचे नाव ठेवले 'चिवडा'. तो पुण्यात तिच्याजवळ होता. गेल्या वर्षी मुलाची बदली जर्मनीला झाली, चिवड्याला नेणे काही जमेना, आणि मे महिन्यातल्या एका दुपारी एक पिंजरा, एक कुलर, तीन पिशव्या गवत आणि एक वही एवढा संसार आमच्या दारात उतरला. मे महिन्यातले मलकापूर म्हणजे काय हे ज्यांनी सोसले आहे त्यांना कुलरचे कारण सांगायला नको. या प्राण्याला तिशीच्या पुढचे तापमान सोसत नाही, आणि आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लोक 'आज बरं आहे' म्हणतात.

आळीत त्याचे स्वागत थाटात झाले. दूध घालणारे भाऊ पिंजऱ्यापाशी उकिडवे बसून म्हणाले, "काकाजी, हे काय आनलं जी? ससा हाये का उंदीर?" शेजारच्या आजींनी तो मुंगसाचा बछडा आहे असा निर्णय दिला. आमच्या सौ.ने पहिले तीन महिने त्याला 'तो उंदीर' याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. मात्र त्या उंदरासाठी कोथिंबिरीची जुडी ताजी आहे की नाही हे ती भाजीवालीशी भांडून ठरवू लागली होती, याची नोंद मी मनातल्या मनात करून ठेवली.

वही नातीच्या हातची होती. ती नऊ वर्षांची आहे. पहिल्या पानावर सूचना होत्या: गवत सतत हवे, बिस्किट देऊ नये, रोज पेरूची एक फोड, त्याला आंघोळ घालू नये, आणि, 'तो आपलीच लेंडी खातो, आजी, घाबरू नकोस, ते बरोबर आहे.' (ते खरोखरच बरोबर आहे. एकदा पचलेल्या गवतातले सत्त्व तो अशा रीतीने दुसऱ्यांदा मिळवतो. सौ. मात्र अजूनही त्या वेळी पिंजऱ्याकडे पाठ करते.) शेवटच्या पानावर खुणा नोंदल्या होत्या, डाव्या कानामागे काळा ठिपका वगैरे, जणू काय पासपोर्टच. मधल्या पानांवर रेघा मारलेल्या होत्या आणि वर मथळा होता: 'रविवार. वजन. आजोबांची सही.'

सही! इतक्या वर्षांत माझ्या सहीवाचून जिनिंगमधून एक गाठ हलली नव्हती, हे कोणीतरी तिला सांगितले असावे. मी कामाला लागलो. नवा इलेक्ट्रिक काटा आणला, वेताची एक लहान टोपली ठरवली, आधी रिकामी टोपली तोलून तिचे वजन वहीच्या कोपऱ्यात लिहिले. वजन करताना ज्यात माल भरलेला असतो त्या पोत्याला किंवा टोपलीला आम्ही बारदान म्हणतो. ते वजा जाता उरेल ते खरे. दर रविवारी सकाळी चिवडा टोपलीत बसे, भोवती कोथिंबिरीच्या दोन काड्या ठेवाव्या लागत म्हणजे तो हलत नसे, आणि संध्याकाळी पाच वाजता जर्मनीहून फोन आला की मी आकडा सांगे. वर्षभर तो आकडा १०४० ग्रॅमच्या आसपास दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे होत राहिला. वीस पानांवर माझ्या सह्या झाल्या. इतके निर्वेध हिशेब मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते.

यंदा आषाढातल्या शेवटच्या रविवारी १०४०. श्रावणातल्या पहिल्या रविवारी १००५. मी काटा तपासला. पाव किलोचे वजन ठेवून पाहिले, काटा बिनचूक. दुसऱ्या रविवारी ९६०, तिसऱ्या रविवारी ९१५, चौथ्या रविवारी ८७०. चार आठवड्यांत १७० ग्रॅम. आमच्या धंद्यात १७० हा आकडा मोठा ओळखीचा. रुईची एक गाठ १७० किलोची. पण गाठ बांधून बाहेर गेली तर तिची पावती असते. इथे जिवंत प्राण्याचा सहावा हिस्सा नाहीसा झाला होता आणि पावती नव्हती. माझे वजन ६६ किलो आहे. महिनाभरात माझे अकरा किलो गेले असते तर घरातल्यांनी मला कोणकोणत्या दवाखान्यांत फिरवले असते!

कोड्यात टाकणारी गोष्ट ही की, चिवडा सदा ताटलीपाशीच दिसे. केव्हाही पाहावे तर तोंड पाल्यात. सौ. म्हणे, "अहो, दिवसभर चरतोय की!" आणि डोळ्यांना तसेच दिसत होते.

आळीला विषय मिळाला. दूधवाले भाऊ म्हणाले, "याले नजर लागली ना बाप्पा! भायेरच्या लोकायले दाखवू नका." शेजारच्या आजींनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, चिवड्याने त्यांपैकी मोहरी हुंगून पाहिली. पानवाल्याच्या मते तो एकटा होता: "जोडी आना जी. एकट्यानं कोन जेवते?" एका वावरमालकाने ज्वारीचे पीठ चारायला सांगितले, चार दिवसांत टमटमीत होईल अशी हमी देऊन. पोटात जंत असावेत असेही एकाचे मत पडले, आणि एकजण तर एवढ्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला की "त्याले नातीची सय येते," की मी त्यावर काही बोललोच नाही. यांतले एकटेपणाचे कारण सर्वस्वी हसण्यावारी नेण्याजोगे नाही; हा प्राणी कळपातला आहे आणि एकटा पडला की झुरतो. पण तो वर्षभर एकटाच होता आणि वर्षभर १०४० भरत होता. हिशेबात कालपर्यंत चाललेली गोष्ट आज घटीला कारण म्हणून दाखवता येत नाही.

मी मुनीमजींकडे वळलो, म्हणजे त्यांच्या तीन कारणांकडे.

कोणीतरी नेतो आहे, म्हणजे आजार. या सदरात माझ्या डोक्यात प्रथम आले ते क जीवनसत्त्व. साधारण सगळे प्राणी, गाय, कुत्रा, उंदीर, हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणसाला ते येत नाही, आणि गिनिपिगालाही येत नाही. दोघांनाही ते खाण्यातून मिळवावे लागते, नाहीतर हिरड्या सुजतात, सांधे धरतात, अंग झडते. दर्यावर्दी लोकांना शतकानुशतके छळणारा स्कर्व्ही तो हाच. १९०७ साली नॉर्वेत अक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख या दोघांनी गिनिपिगांना नुसत्या धान्यावर ठेवून त्यांच्यात हा रोग उत्पन्न केला, आणि कोबी व लिंबाचा रस देऊन तो हटवूनही दाखवला. दुसरा कोणताही प्राणी घेतला असता तर तो त्या धान्यावर ठणठणीत राहिला असता आणि शोध आणखी किती वर्षे रखडला असता कोण जाणे. पुढे १९३२ साली सेंट-ग्योर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाकडे हे जीवनसत्त्व हाती लागल्याची खात्री पटली तीही गिनिपिगांवरच. १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. गिनिपिगांना काय मिळाले ते कोठे नमूद नाही.

पण पेरूची फोड चिवड्याला रोज मिळत होती. पेरू देशातला प्राणी पेरूवर पोसला जातो, ही योजना मला फार आवडत असे. शिवाय पेरूत संत्र्याच्या तिप्पट-चौपट क जीवनसत्त्व असते. नागपूरच्या मंडळींनी हे मनावर घेऊ नये. त्याचे सांधे मोकळे होते, पिंजऱ्यात उड्या नसल्या तरी फेऱ्या चालू होत्या. तेव्हा ते कारण मी बाजूला ठेवले.

या निमित्ताने मी वाचत गेलो आणि एका ठिकाणी थबकलो. मुंबईत प्लेग होता तेव्हा तो माणसाला नेमका कसा लागतो हे कोणाला उमगत नव्हते. परळच्या प्रयोगशाळेत, जिला १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात तिथे, १९०५ साली नेमलेल्या संशोधन मंडळाने काम सुरू केले. ज्या घरातून माणसे प्लेगने गेली त्या रिकाम्या घरांत ते गिनिपिग सोडत. घरात उंदीर मेलेले, त्यांच्या अंगावरच्या पिसवा उपाशी. त्या गिनिपिगाच्या अंगावर चढत. मग ते गोळा करून पिसवा मोजत. पिंजरे टांगूनही त्यांनी पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या गिनिपिगाला प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेल्याला झाला नाही. कारण पिसवेची उडी तेवढ्या उंचीवर पोचत नाही. हवेतून लागत असता तर दोघांनाही लागला असता. किती साधा प्रयोग, आणि किती जीव त्याने वाचले असतील! आमच्या वऱ्हाडातही प्लेगच्या दिवसांत गावे ओस पडत, लोक रानात झोपड्या घालून राहत. माझी आजी त्या झोपड्यांच्या गोष्टी सांगत असे. दोन इंचांवरचा तो प्राणी मला काही दिवस डोळ्यांपुढून हलेना. सौ.ला सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून 'उंदीर' बंद झाला.

उरली दोन कारणे: वाळणे आणि सांडणे. पाणी तो बाटलीने पितो, बाटलीवर मी खूण केली. रोजचे पाणी रोजच्याइतकेच जात होते. मग मी पाला तोलायला सुरुवात केली. सकाळी १०० ग्रॅम हिरवा पाला पिंजऱ्यात घातला, आणि तेवढाच दुसऱ्या टोपलीत तिथेच शेजारी ठेवून दिला. दुसरी टोपली कशासाठी, असे सौ.ने विचारले. पाला नुसता पडूनही वाळतो. ती घट वेगळी काढली नाही तर सगळी खाण्याच्या खाती पडते. संध्याकाळी शेजारच्या टोपलीत ७२ ग्रॅम भरला. पिंजऱ्यातला उरलेला सगळा वेचून काढला तर तो ६१ ग्रॅम. आता तुम्हीच हिशेब करा. दिवसभर ताटलीत तोंड खुपसून बसलेला हा प्राणी १०० ग्रॅममधला जेमतेम १५ ग्रॅम खात होता. आणि वेचलेल्या पाल्यात काही ओले, चघळून टाकलेले गोळे होते. त्याची हनुवटीही ओली लागली.

चिवडा चरत होता. माल तोंडातून सांडत होता.

हे निघाले शनिवारी. रविवारी फोन येणार. ८७० हा आकडा वहीत लिहून झालेला. सौ. म्हणाली, "पोरीला कशाला सांगता? हजार आहे म्हणा. एवढ्या लांब तिने रडून काय करायचे?" तिचे म्हणणे मायेचे होते आणि मायेच्या बोलण्याला मी सहसा उलट उत्तर देत नाही. पण वहीत सही माझी होती. मी म्हणालो, "काट्यावर जे भरले ते सांगणार." संध्याकाळी सांगितले. पलीकडे इतका वेळ शांतता की फोन तुटला असे वाटले. मग प्रश्न आला, "आजोबा, बारदान दोनदा वजा केलं नाही ना?" दोनदा केले नव्हते. मी तिला पाल्याचा सगळा प्रयोग समजावून सांगितला, दुसऱ्या टोपलीसकट. ती म्हणाली, "म्हणजे त्याला भूक आहे." मला हे सुचले नव्हते. मी घट शोधत होतो. तिने भूक शोधली.

नंतर फोन मुलाने घेतला आणि जरा बाजूला जाऊन हळू आवाजात म्हणाला, "बाबा, कशाला एवढा खटाटोप? जमलं नाही तर पुण्याहून तसाच दुसरा मागवून घ्या. तिला फोनवर काय कळणार आहे?" तो वाईट मनाने बोलला नाही, त्यालाही तिकडे रोजच्या शंभर काळज्या आहेत. मी एवढेच म्हणालो, "डाव्या कानामागे काळा ठिपका आहे. वहीत लिहिलंय."

पोळा झाला. आळीतल्या पोरांनी चिवड्याच्या पाठीवर चिंध्यांची झूल चढवायचा बेत केला होता, तो मी मोडला. दुसऱ्या दिवशी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. तरुण गृहस्थ, सरळ माणूस. त्यांनी पाहिले, पोट चाचपले आणि म्हणाले, "काकाजी, माझ्याकडे गाई, म्हशी, बकऱ्या येतात. यातला मी जाणकार नाही. उगाच इंजेक्शन टोचत नाही. या प्राण्याला पेनिसिलीनसारखं साधं औषधसुद्धा मारक ठरतं. तुम्ही अकोल्याला जा." आणि त्यांनी तिथल्या एका डॉक्टरीणबाईंना स्वतः फोन लावून दिला. आपल्याला काय येत नाही हे इतक्या स्वच्छ शब्दांत सांगणारी माणसे मला उभ्या आयुष्यात फार भेटली नाहीत.

मलकापूर ते अकोला म्हणजे नांदुरा, जलंब, शेगाव करीत जाणारी गाडी. टोपलीवर ओले फडके टाकून आम्ही दोघे निघालो. सौ. येणार नव्हती; पण स्टेशनात पाहतो तर नेसती साडी बदलून, हातात कोथिंबीर घेऊन उभी. डब्यात तिकीट तपासनीस आला. "यात काय आहे?" मी म्हटले, "पेशंट." त्याने फडके उचलून पाहिले, चिवड्याने 'कुईक' केले, आणि तो शेगावपर्यंत आमच्याजवळच बसून राहिला. त्याच्या घरी पोपट होता आणि तो बोलेनासा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी कान पाहायच्या दुर्बिणीने चिवड्याचे तोंड पाहिले. आम्हाला पुढचे चार दात तेवढे दिसतात; त्याला मागे आणखी सोळा दाढा असतात, आणि हे विसाच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावून ते झिजतात म्हणून बेतात राहतात. चिवड्याच्या खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढत वाढत जिभेवर कमानीसारख्या झाल्या होत्या. जीभ त्या पुलाखाली अडकलेली. घास तोंडात जाई, जीभ तो मागे लोटू शकत नसे, मग तो ओला गोळा होऊन बाहेर पडे. चार आठवडे तो खायचा प्रयत्न करीत होता. मला हे ऐकून कोठेतरी कसेसेच झाले.

असे का झाले, हे मी विचारले. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. जबड्याची ठेवणच तशी असेल, लहानपणी गवत कमी मिळाले असेल, वय असेल; तो साडेचार वर्षांचा आहे, आणि या प्राण्याचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे. म्हणजे घटीचे कारण सापडले, पण कारणाला कारण नाही. मुनीमजी असते तर चहा मागवला असता.

थोडी भूल देऊन त्यांनी दाढा घासल्या. भुलेआधी उपाशी ठेवायचे नसते. या प्राण्याचे पोट एक दिवस रिकामे राहिले तर आतडी थांबतात. तो शुद्धीवर येईपर्यंत दोन तास आम्ही बाकावर बसलो. सौ. पदराशी चाळा करीत होती. मध्येच म्हणाली, "तुमच्या त्या दोन इंचांवरच्याला कोणी शुद्धीवर यायची वाट पाहत बसलं असेल का हो?" मी काही बोललो नाही.

पुढचे दिवस सगळे तिचे आहेत. दाढा घासल्या तरी जिभेला पुन्हा सवय व्हायला वेळ लागतो. गवताच्या गोळ्या भिजवून, वाटून, गाळून, बिनसुईच्या पिचकारीने दर तीन तासांनी थोडे थोडे तोंडाच्या कडेने सोडायचे. रात्री दोनलाही. ती त्याला फडक्यात गुंडाळून मांडीवर घेई आणि आमच्या मुलाला भरवताना जे बडबडत असे तेच बडबडे. मला वाटले होते, ती ते विसरली असेल. पहिल्या रविवारी वजन आणखी घसरून ८४२ झाले आणि तो आकडाही मी सांगितला. मग ८५८. मग ८८१. घटस्थापनेच्या सुमारास ९०४, आणि त्या दिवशी चिवड्याने कोथिंबिरीची काडी टोकापासून देठापर्यंत एकही तुकडा न सांडता आत नेली. सौ.ने ते पाहायला शेजारच्या आजींना बोलावून आणले. आजींच्या मते हा मीठ-मोहऱ्यांचा गुण आहे, आणि आम्ही त्यांना तो घेऊ दिला आहे.

जर्मनीत नातीने भिंतीवर आलेख लावला आहे असे कळते. खाली रविवार, उजवीकडे चढत जाणारी रेघ.

पण दाढा वाढतच राहणार. बाईंनी सांगून ठेवले होते: दर दोन महिन्यांनी, कदाचित त्याआधीच, पुन्हा यावे लागेल, लागोपाठ दोन रविवार वजन उतरले की वाट पाहू नका. दसऱ्यानंतरच्या रविवारी ८९६ भरले. कोजागरीनंतर, म्हणजे परवा, ८८३. दोन्ही आकडे मी तिला सांगितले आहेत. दुसऱ्या वेळी ती रडली नाही, आलेखाची रेघ खाली वळवली आणि विचारले, "गाडी किती वाजता आहे?"

गाडी बुधवारी सकाळची आहे. मुलाने आपण होऊन पैसे पाठवले, सोबत एका ओळीचा निरोप: 'ठिपक्यावालाच राहू दे.' सौ. आत्ता स्वयंपाकघरात चकल्या तळते आहे. त्यातल्या अर्ध्या डॉक्टरीणबाईंसाठी आणि थोड्या त्या तिकीट तपासनिसासाठी, तो भेटलाच तर. त्याचा पोपट बोलू लागला का, हेही तिला विचारायचे आहे. टोपली धुऊन उन्हात ठेवली आहे. ती वाळली की तिचे वजन पुन्हा एकदा घ्यावे लागेल. वेत दर पावसाळ्यात दोन-चार ग्रॅम पाणी धरून ठेवतो.